लवंगेच्या वासाचं तेल

सदाशिव पेठ, पुणे
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय इंद्रजीत,

मंगळवारी माझ्या टेबलावरून उठताना तू म्हणालास, "ताई, या विषयावर आता फोन करायचा नाही." करत नाहीये. पत्राबद्दल तू काही बोलला नव्हतास. तुझे दाजी म्हणाले, "भावाला पत्र? राखी तर पंधरवड्यापूर्वीच पोचली." मी म्हटलं, राखीवर कारणं लिहायला जागा नसते.

आधी निकाल सांगते. यंदाच्या 'सोजर' अभ्यंग तेलाच्या सुरक्षा अहवालावर मी सही करणार नाही. उटण्याच्या अहवालावर केली आहे, ती राहील. आप्पांनी हडपसरला चक्कीवर उटणं दळायला सुरुवात केली तेव्हा त्यांना असले अहवाल लागत नव्हते. तू कारखाना काढलास तेव्हापासून लागायला लागले, आणि तेव्हापासून तुझ्या प्रत्येक मालावर सही माझीच आहे. सौंदर्यप्रसाधनं तपासण्याचं माझं पोटापाण्याचं काम. त्यात बिल न पाठवता केलेलं काम तेवढं तुझं. त्यामुळे नकार तुला अपमानासारखा लागला असणार. तो तसा नाही, एवढंच लिहिते. पटवून घ्यायला वेळ घे.

वास सुंदर आहे, हे कबूल करायला मला काही जड जात नाही. जूनमध्ये तू बाटली उघडलीस तेव्हा खोलीत लवंग आली, पण तिखटपणा उतरलेली. मागून कार्नेशनच्या फुलाचा गोडवा, जरासं जायफळ. दिवाळीच्या पहाटेला याहून शोभेलसा वास मी तरी घेतलेला नाही. हा वास ज्याच्यामुळे येतो त्याचं नाव आयसोयुजेनॉल. लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं, त्याच्या रेणूतला एक बंध एक घर पुढे सरकवला की हे तयार होतं. घर एकच सरकतं, स्वभाव मात्र बदलतो. थोरल्यापेक्षा हा धाकटा त्वचेला कितीतरी जास्त त्रास देतो. (हे वाक्य रसायनशास्त्राचं आहे, आपल्या घरचं नाही.)

त्रास म्हणजे काय, हे तू मंगळवारी ऐकून घेतलं नाहीस. तू म्हणालास, "मी स्वतः महिनाभर लावतोय, मला काय झालं?" मिरची हाताला लागली की लगेच कळतं, तसं हे नाही. सुरुवातीला काहीच होत नाही. बहुतेकांना कधीच काही होत नाही. पण काही जणांची त्वचा गुपचूप हा पदार्थ ओळखून ठेवते, आणि मग एक दिवस त्याच्या एवढ्याशा अंशानेही खाज सुटते, पुरळ येतं, भेगा पडतात. एकदा ही ओळख झाली की ती पुसता येत नाही. मग साबण, क्रीम, धुण्याची पावडर, प्रत्येकाच्या मागची बारीक अक्षरं वाचत जगायचं.

आप्पा रोज जेवणानंतर लवंग चघळतात आणि ठणठणीत आहेत, हाही तुझा मुद्दा. आप्पा लवंग चघळतात. आयसोयुजेनॉल अंगाला चोळून घेत नाहीत.

आता तुझ्या बाजूचं. वास पुरवणाऱ्या कंपनीचा दाखला मी ओळ न ओळ वाचला. खोटा नाही. 'लावून धुवून टाकायचा माल' या वर्गात तुझ्या तेलातलं प्रमाण बसतं. 'अंगावर राहणारा माल' या वर्गात बसत नाही. तिथली मर्यादा बरीच खाली आहे आणि बाळांसाठी त्याहून खाली. तेव्हा प्रश्न एकच उरतो. आपलं तेल धुतलं जातं की अंगावर राहतं? तू म्हणतोस, "अभ्यंगस्नान, ताई. स्नान शब्दातच आहे." शब्दात आहे, बरोबर. बाथरूममध्ये आहे का, ते मला माहीत नाही. माहीत नसताना मी सही करत नाही. माहीत झालं की कळवीन, मग उत्तर तुझ्या बाजूचं असो की माझ्या.

छापील पत्र पाहून परकं वाटून घेऊ नकोस. दिवसभर लॅपटॉपपुढेच असते, तिथेच लिहून टाकलं.

तनुजाताई


सदाशिव पेठ
३ सप्टेंबर २०२५

प्रिय इंद्रजीत,

गौरीच्या जेवणाला मी आले आणि नेमकं तुला त्याच दिवशी कोल्हापूरला डीलरांकडे काम निघालं. चालायचंच. तू नसल्याचा मला एक फायदा झाला. बायका मोकळ्या बोलल्या.

मी पोचले तेव्हा आई पाय पसरून पाटावर बसली होती आणि पायांवर तुझी राधा. अंघोळ झालेली, धुरी दिलेली, पोर टक्क जागं. आईने शेजारची वाटी घेतली आणि तिची टाळू भरली. वास मला दारातच आला.

मी विचारलं, "आई, हे कोणतं तेल?"

"आपलंच की. इंद्याने जूनमधी खोकं आणून टाकलंय. वास लई झ्याक हाय."

"हे अंघोळीआधी लावून धुवायचं असतं ना?"

"आधी लावलं की. ही आता टाळूला." मग माझ्याकडे बघून, "टाळू कुणी धुतं व्हय? येवढी शिकलीस आन् टाळू धुवायची म्हंतीस."

बाळाच्या टाळूवर तेल जिरू द्यायचं असतं हे आपल्या घरात मला सोडून सगळ्यांच्या लक्षात होतं, आणि मी इतके दिवस दाखल्यातल्या ओळी वाचत बसले होते.

मग हळदीकुंकवाला आलेल्यांना विचारत गेले. उगाच सहज विचारल्यासारखं केलं नाही, सरळच विचारलं. दिवाळीचं तेल उरलं की काय करता? शेवाळेकाकू म्हणाल्या, "उरलं म्हणजे? ते उरवायचंच असतं. संक्रांतीपर्यंत आमच्या ह्यांच्या गुडघ्यांना." त्यांच्या सुनेने केसांना सांगितलं. खराडीला नोकरी करणारी तुमच्या वरच्या मजल्यावरची दीक्षा म्हणाली, "इंद्रजीतदादांनी दिलेलं सॅम्पल ना? मी बॉडी ऑइल म्हणून रोज लावून ऑफिसला जाते. परफ्यूम लागतच नाही. टीममध्ये सगळ्या विचारतात, कुठलं गं." आणखी पाच-सहा जणींनी आपापल्या तऱ्हा सांगितल्या. एका पहाटेला चोळून धुणाऱ्या सगळ्याच होत्या. बाटली संपेपर्यंत धुणारी एकही नव्हती.

राधाला काहीही झालेलं नाही. तू हेच विचारशील म्हणून आधी लिहिते. कातडी स्वच्छ आहे, पोर हसरं आहे. काही झालेलं नाही म्हणजे काही होणार नाही, असं मात्र या पदार्थाच्या बाबतीत म्हणता येत नाही, हे मागच्या पत्रात लिहिलंच आहे. ऋतिकाने त्याच संध्याकाळी लेकीच्या वाटीत साधं तिळाचं तेल भरलं. आईला फरक कळला. "वास गेला की गं ह्याचा," म्हणाली. पण टाळू भरली.

आईचं माझ्याबद्दलही मत झालं. मी हातमोजे घालून पुरणपोळ्या वाढल्या आणि चमच्याने खाल्ल्या. "आपरेशन करायला आलीस का जेवायला?" मी लॅबची सवय म्हणून सांगितलं. तिला ते सदाशिव पेठेचं वळण वाटलं आहे, त्यावरून तुझ्या दाजींच्या सगळ्या खानदानाचा उद्धार झाला.

तर मला हवी होती ती खात्री झाली. आपलं तेल अंगावर राहणारं आहे. तुझ्यापुढे दोन रस्ते आहेत. एक तर वास अंगावर राहणाऱ्या मालाच्या मर्यादेत आण; तेवढ्यात तो जेमतेम जाणवेल, हे आधीच सांगते. नाहीतर तेल बिनवासाचं काढ. दोन्हींवर मी त्याच दिवशी सही करीन.

तनुजाताई


सदाशिव पेठ
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय इंद्रजीत,

तुझा निरोप आणि लेबलाचा फोटो मिळाला. खराडीच्या एका सल्लागाराने अहवालावर सही केली आणि घटस्थापनेपासून बाटल्या भरायला घेणार, हेही कळलं. त्या गृहस्थांनी सही करण्याआधी बाटली उघडून वास तरी घेतला का, एवढं विचारून ठेव. माझ्यासाठी नको, तुझ्यासाठीच.

लेबलावर तू लाल अक्षरात छापलंस, 'स्नानापूर्वी लावून धुवावे'. अक्षरं मोठी आहेत, लाल चांगला आहे. पण लेबल वाचून तेल लावणारी बाई मला हडपसरपासून मांजरीपर्यंत शोधून दे. दिवाळीच्या तेलाचं काय करायचं हे ती आईकडून शिकलेली असते. तू तिला तीन शब्दांत शिकवणार, तेही ओल्या बाटलीवर.

तू लिहिलंस, "प्रत्येक बाई घरी काय करते याची जबाबदारी कंपनीची नसते. सुरीवर लिहितात का, शेजाऱ्याला मारू नये?" वाक्य चांगलं आहे. आप्पांच्या वळणावर गेलास. पण सुरीच्या जाहिरातीत कुणी शेजाऱ्याच्या पोटात सुरी दाखवत नाही. तुझ्या यंदाच्या जाहिरातीत काय आहे ते पाहिलंस का? ऋतिकाने पाठवली, माझ्यासमोर आहे. पायांवर बाळ, हातात वाटी, खाली लिहिलंय 'पिढ्यान्‌पिढ्यांची माया'. बाळाच्या टाळूवर तेलाची धार तूच काढून घेतलीस, चित्रकाराला पैसे देऊन. मग त्याच बाटलीवर लाल अक्षरात सांगतोस की आम्हाला काय माहीत.

मी ऋतिकाला घाबरवलं, असाही आरोप आहे. तिला मी तेच सांगितलं जे तुला सांगितलं. तिने बसून ऐकून घेतलं आणि मग तीन प्रश्न विचारले. तू उठून गेलास. घाबरणं कशाला म्हणायचं यावर आपलं एकमत होणार नाही.

आता माझ्या बाजूची उलटतपासणी. तुला ती करायची गरज नाही, मीच करते, त्यात माझा हात कुणी धरणार नाही. दुसऱ्याने सही केली म्हणून मला झोंबतंय का? झोंबतंय. माझ्या जागी दुसरा माणूस बसवलास, आणि तोही मुलाखत न घेता. पण झोंबणं वजा करूनही हिशेब तोच येतो. पदार्थ तोच, प्रमाण तेच, टाळू तीच. कायद्याने मी तुला थांबवू शकत नाही आणि कुठे तक्रार करणार नाही. तुझ्याकडे सही आहे, दाखला आहे. फक्त तुला पटवू शकते. आणि ते मला जमेल असं मला वाटतं, कारण मी बरोबर आहे. हे वाक्य गर्वाचं वाटेल. दोन दिवस खोडून पुन्हा लिहिलं, आणि ठेवलं.

आणखी एक प्रश्न मी स्वतःला विचारते. तो तुझ्या तेलाबद्दलचा नाही, माझ्याबद्दलचा आहे. त्याचं उत्तर मिळेपर्यंत तो इथे लिहिणं तुझ्यावर अन्याय होईल.

तनुजाताई


सदाशिव पेठ
२७ सप्टेंबर २०२५

प्रिय इंद्रजीत,

दसऱ्याला ट्रक निघणार असं ऋतिका म्हणाली. म्हणून मागच्या पत्रात अर्धा सोडलेला प्रश्न आज पुरा करते.

मे महिन्यापासून माझ्या बोटांना भेगा पडतात. आधी वाटलं, उन्हाळा. मग वाटलं, भांडी घासायचं द्रावण. जुलैमध्ये त्वचेच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट केली. पाठीवर पट्ट्या चिकटवतात, त्यात एकेका पदार्थाचा एकेक ठिपका. काही दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, मग पट्ट्या काढून कुठे लाल झालं ते बघायचं. माझ्या पाठीवर एकच ठिपका फुगला होता. कोणता, ते तुला सांगायला नको.

म्हणून पत्रं छापील. पेन धरला की भेग उघडते. म्हणून हातमोजे आणि पुरणपोळीला चमचा. जायफळ घातलेलं पुरण मी उघड्या बोटांनी धरत नाही. माझं काम नाकाचं आहे, पण बाटली नाकापर्यंत हातानेच न्यावी लागते. डॉक्टर म्हणाले काम बदला. बदलते आहे. यापुढे कागद तपासीन, वास दुसरं कुणी घेईल.

हे तुला आधी का सांगितलं नाही, याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही मला अजून चुकीची वाटत नाहीत.

पहिलं. माझे हात तुझ्या तेलाविरुद्धचा पुरावा नाहीत. नोकरीला लागल्यापासून मी शुद्ध द्रव्यं हाताळली; तुझ्या तेलात त्याचा अंश आहे. दोन्ही एकाच तराजूत घालणं अप्रामाणिकपणा झाला असता. आणि मी ते तिथे घातलं असतं तर पारडं लगेच झुकलं असतं, हेही मला माहीत होतं. तू लहानपणापासून असाच आहेस. युक्तिवादाला तू दगड असतोस आणि कुणाचं बोट कापलं की पळत सुटतोस.

दुसरं. चाचणी जुलैमध्ये झाली, नकार ऑगस्टमध्ये दिला. मग मी नकार कशामुळे देते आहे? तेलामुळे, की हातांमुळे? भाजलेली बाई चुलीबद्दल जे बोलते ते सगळंच खरं नसतं. म्हणून मी हात बाजूला ठेवून सगळं पुन्हा तपासलं. गौरीला मी हडपसरला आले ती खरं तर माझ्याविरुद्धचं काही सापडतंय का ते बघायला. बायका म्हणाल्या असत्या की आम्ही धुतो, तर मी घरी येऊन सही केली असती, भेगांसकट. तसं झालं नाही. तेव्हा उत्तर मिळालं: हात नसते तरी नकार दिला असता. कदाचित एवढ्या लवकर संशय आला नसता. तेवढं श्रेय हातांचं.

मग आज का सांगते? कारण परवापर्यंत मला वाटत होतं की योग्य कारणाने जिंकायचं, नाहीतर जिंकायचंच नाही. ऋतिकाचा फोन आल्यावर लक्षात आलं की ही चैन मी दुसऱ्यांच्या बाळांच्या टाळूवर करते आहे. माझा युक्तिवाद स्वच्छ राहावा म्हणून मी गप्प बसायचं आणि तोवर ट्रक निघून जायचा, हे काही तत्त्व नाही. तुझ्यावर हे वजन टाकते आहे, जाणूनबुजून टाकते आहे. पुरावा म्हणून नाही. तू मला ओळखतोस म्हणून.

तनुजाताई


हडपसर
३० सप्टेंबर

ताई,

हातानेच लिहितोय, अक्षर सहन कर.

काल पत्र वाचलं. केबिनमधून तडक खाली गेलो आणि भरणं बंद केलं. ट्रक कॅन्सल. यंदा फक्त उटणं जाणार. पॅकिंगच्या बायका विचारायला लागल्या काय झालं, मी म्हणालो माझ्या बहिणीला ह्या वासाने त्रास झालाय, विषय संपला. डीलर लोकांनाही परवापासून फोन करून हेच सांगतो. कोणी काही बोलणार नाही. घरच्या माणसापुढे मार्केट मोठं नाही, एवढं सगळ्यांना कळतं.

आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "पोरीला तरास व्हतोय तर त्याल कशाला पायजे." आई आधी रडली मग तुला शिव्या दिल्या. चमच्यावरून महिनाभर दाजींच्या घराला बोलत होती, आता म्हणते मला काय सपान पडतं व्हय, तोंडानं सांगावं माणसानं. तुला तूप पाठवलंय बोटांना लावायला. लावायचं की नाही ते तू ठरव, मी डॉक्टर नाही.

आता माझं ऐक. मला राग आलाय. तू समजतेस काय मला? तीन पत्रं रेणू शिकवलास, आणि जे पहिल्या पत्रात पहिल्या ओळीत पाहिजे होतं ते चौथ्यात लिहिलंस. फोटो टाकला असतास हाताचा, एक शब्द बोललो नसतो. तुला वाटतं मी दगड आहे. दगडाला पण कळतं गं.

खरं सांगू? तुझी कारणं मला अजून पूर्ण पटलेली नाहीत. इतक्या जणांनी लावलं, कोणाला काही नाही. पण तुझे हात पटले. बास झालं ना.

भाऊबीजेला येतोय. तेल-उटणं काही लावू नकोस, नुसतं ओवाळ.

इंद्रजीत


सदाशिव पेठ
१ ऑक्टोबर २०२५

प्रिय इंद्रजीत,

पत्र वाचून मला रडू आलं. मग मी ते दुसऱ्यांदा वाचलं आणि काळजी वाटली. दुसऱ्यांदा वाचण्याची सवय तुला आवडत नाही, पण माझं घर तिच्यावर चालतं.

राग मान्य आहे. फोटो टाकायला हवा होता की नाही, यावर भाऊबीजेला भांडू, दाजींना पंच नेमू. ते दोघांनाही हरवतील. आईला सांग, तूप लावलं. बरं वाटलं.

आता काळजी. तू म्हणतोस, कारणं पटली नाहीत, हात पटले, बास झालं. बास झालं नाही. माल थांबला याचा मला किती आनंद झाला ते लिहीत बसत नाही, पण तो ज्या कारणाने थांबला ते कारण एक वर्ष टिकणार नाही. कोल्हापूरचा डीलर पुढच्या श्रावणात तुला विचारेल, "ताई बऱ्या आहेत का आता?" तू हो म्हणशील, कारण मी बरी असेन, मोजे घालून. मग तो म्हणेल, "मग यंदा तेल काढू या." आणि तुझ्याकडे नाही म्हणायला काही नसेल. मालकाच्या बहिणीच्या ॲलर्जीशी मांजरीतल्या बाळाचा काय संबंध?

आणि वास काही हा एकच नाही. पुढच्या वर्षी दुसरी कंपनी दुसरा वास घेऊन येईल, मोगऱ्याचा, केवड्याचा, कशाचाही. दाखला खरा असेल, वर्ग 'धुवून टाकायचा' असेल. त्या वेळी मी कोणाचे हात दाखवू? घरात दरवेळी एक बहीण भाजून ठेवता येत नाही, इंद्रजीत.

म्हणून तुला पटायला हवं आहे. थांबणं मिळालं, तरी मला पटणंही हवं आहे. हावरेपणा म्हण. पण माझ्यावर विश्वास ठेवून पटवून घेऊ नकोस, स्वतः बघ. आज खंडेनवमी आहे, म्हणून तूप घेऊन आलेल्या माणसाच्याच हाती हे पत्र परत देते. तू यंत्रांची पूजा करशील आणि पॅकिंगच्या बायका प्रसादाला थांबतील. त्यांना एक प्रश्न विचार. माझं नाव काढू नकोस, ॲलर्जीचं काढू नकोस, चेहरा मालकाचा करू नकोस. दिवाळीच्या तेलाची बाटली घरी कशी संपते, एवढंच विचार आणि प्रत्येकीचं उत्तर येईपर्यंत थांब. त्यांच्यापैकी निम्म्या जणी धुतो म्हणाल्या तर मला फोन कर. ती बंदी तूच घातली होतीस, तूच उठव. मी चुकले असं मान्य करीन आणि ते छापील नाही, हाताने लिहून देईन.

नाही म्हणाल्या, तर पुढचं तुझं तुला सुचेल. तरी माझ्याकडचं सांगून ठेवते. वास उटण्यात टाक. उटणं सगळेच धुतात, ते अंगावर ठेवून कुणी ऑफिसला जात नाही. त्याच्या वर्गात हे प्रमाण खरोखर बसतं का ते मी नव्याने तपासते, कागदावर. तेल साधं तिळाचं, बिनवासाचं, त्याच बाटलीत. जाहिरातीतलं बाळ मग राहू दे, ते खरं असेल. बाटली उघडल्यावर गिऱ्हाईक म्हणेल वास कुठे आहे, तेव्हा उटण्याच्या पुडीकडे बोट दाखवायचं. यंदाच्या दिवाळीला हे जमणार नाही. पुढच्या वर्षी जमेल, आणि त्या अहवालावर मी सही करीन.

उद्या तुझे फोन सुरू होतील. पहिला कोल्हापूरला लाव. तोच सगळ्यात जास्त बोलतो, तो जमला की बाकीचे जमतील. तो विचारेल, भरलेला माल का थांबवला. माझी तब्येत सांगू नकोस, घरचं सांगू नकोस, खराडीच्या सल्लागाराला दोष देऊ नकोस. म्हण, "हे तेल आम्ही धुवायचं म्हणून बनवलं, आणि लोक ते धूत नाहीत." एवढंच म्हण आणि पुढे बोलायची घाई करू नकोस. पलीकडून लगेच उत्तर येणार नाही. तो आपल्या घरचं न्हाणीघर आठवत असेल.

तनुजाताई